दुसरे टिळक

सुरुवातीलाच एक खुलासा. हा लेख लोकमान्य टिळकांवर नाही. मराठी भाषा गौरव दिनाला मी टिळकांवर बोलणार हे कळल्यावर रूमवरच्या पोरांनी केसरी, गणेशोत्सव, मंडाले असे मुद्दे भराभर लिहून दिले होते. कागद खिशात घातला आणि त्यांना सांगावं लागलं की बावा, हे दुसरे टिळक. नारायण वामन टिळक. तेही रत्नागिरी जिल्ह्यातले, तेही चित्पावन, लोकमान्यांपेक्षा पाचच वर्षांनी लहान. पण यांच्या नावाआधी रेव्हरंड लागतं. स्टाफमधल्या जुन्या सरांना मात्र लगेच ओळख पटली. बाण लागलेल्या पक्षिणीची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता त्यांना शाळेत होती. कवी ख्रिस्ती होता हे त्यांच्यातल्या दोघांना त्या दिवशी कळलं.

हा विषय मी का घेतला ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी कोरचीकडचा. आमचं घर ख्रिस्ती. गावात रविवारी प्रार्थनेला ढोलकी, टाळ आणि मराठी भजनं. कॉलेजला निघालो तेव्हा आजीनं तिचं 'उपासना संगीत' माझ्या बॅगेत सगळ्यात खाली ठेवून दिलं. ते दोन वर्षं तिथंच राहिलं. होस्टेलचा रविवार कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. शनिवारी रात्री तीनपर्यंत मॅच नाहीतर गेम, मग उठायचं दहाला, मेसमधले पोहे संपलेले, मग परत पडून रील्स. देव नाकारला असं काही झालं नाही. तो मागं राहून गेला एवढंच, बॅकलॉगच्या विषयासारखा. त्यात आणखी एक गंमत. इथं ख्रिश्चन म्हटलं की मित्रांना वाटतं हा घरी इंग्रजी बोलत असेल, गिटार वाजवत असेल. मीही मग यूट्यूबवर परदेशातली, लाईट आणि धूर सोडलेली इंग्रजी गाणी ऐकायला लागलो. ढोलकीची लाज वाटायला लागली होती, हे कबूल करतो.

कार्यक्रमाच्या आधी सरांनी लायब्ररीतून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून हातात दिली. दिवाळीच्या सुटीत चांदा फोर्ट ते वडसा या प्रवासात अर्धं वाचून झालं. मूल, सिंदेवाही, नागभीड करत गाडी जंगलातून जात होती आणि पुस्तकातही एक गाडी चालली होती, नागपूरहून राजनांदगावला. राजनांदगाव म्हणजे आमच्या मागच्या अंगणातलं गाव. आमच्याकडची माणसं दवाखान्याला तिकडंच जातात. मराठी साहित्यातली एक मोठी गोष्ट आमच्या सीमेपलीकडं घडली आणि ती मला बी.ई.च्या तिसऱ्या वर्षी कळावी!

आता टिळकांकडं येतो.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, करजगावचा. वडील कडक आणि संशयी स्वभावाचे, आई जानकीबाई मायाळू आणि कवितेची आवड असलेली. आई लवकर गेली. त्यानंतर बापलेकाचं जमलं नाही आणि अकरा-बारा वर्षांचा हा मुलगा घर सोडून नाशिकला आला. गणेशशास्त्री लेले यांच्याकडं संस्कृत शिकला. थोडं इंग्रजीही शिकला, पण शिक्षण पुरं झालं नाही. लग्न झालं तेव्हा बायको जेमतेम अकरा वर्षांची होती. माहेरची मनकर्णिका, सासरची लक्ष्मी. तिला अक्षरओळख नव्हती, ती पुढं नवऱ्यानंच करून दिली.

नोकरी एके ठिकाणी टिकवणं या माणसाला कधी जमलंच नाही. शिक्षकी, कीर्तन, पुराण, छापखाना सगळं करून झालं. हातात पैसे आले की समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे. घरात मीठ आहे की नाही याचा पत्ता नाही. राग आला की भयंकर आणि गेला की लहान मुलासारखे. लक्ष्मीबाईंनी हे सगळं इतकं हसत लिहिलंय की वाचताना आपणही हसतो, मग मध्येच लक्षात येतं की त्या बाईच्या पोटात तेव्हा अन्न नव्हतं.

नागपूरला अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं आणि जरा स्थिरता आली. पण डोक्यात वेगळंच चालू होतं. देश असा का पडून आहे, जात का आहे, धर्मानं माणसं जोडायची की तोडायची, हे प्रश्न. काळच तसा होता. रेल्वे आली, छापखाने आले, इंग्रजी शाळा आल्या, प्रार्थनासमाज आला. रोज नवं काहीतरी. जुनं सगळं टाकाऊ म्हणणारे एका बाजूला आणि जुन्याला बोट लावू न देणारे दुसऱ्या बाजूला. टिळकांनी स्वतःपुरता एक नवाच धर्म मनात मांडून ठेवला होता: देव एक, तो सगळ्यांचा बाप, माणसं सगळी भावंडं, जातिभेद नाही, मूर्तीची गरज नाही. आपल्याकडं पोरं रात्री दोन वाजता टेरेसवर बसून असे धर्म काढतात, सकाळी विसरतात. हा माणूस विसरला नाही.

मग १८९३ च्या सुमाराची ती गाडी. राजनांदगाव संस्थानात काही काम मिळेल म्हणून टिळक नागपूरहून निघाले होते. डब्यात एक गोरा माणूस होता. त्या काळी साहेबाच्या डब्यात देशी माणूस शिरला तर काय होई ते सांगायला नको. पण या माणसानं आपणहून सरकून जागा दिली. बोलणं निघालं ते संस्कृत काव्यावर. दोघं बराच वेळ बोलत राहिले. धर्मावर बोलणं आलं तेव्हा त्या गोऱ्यानं सांगितलं की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अगदीच हास्यास्पद वाटलं. उतरताना त्यानं नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली. टिळकांनी वाचायचं कबूल केलं, ते शब्दाला जागायचं म्हणून. दोघांनी एकमेकांचं नावही विचारलं नाही.

वाचायला सुरुवात केली ती पेन्सिल घेऊन, खुणा करत, अभ्यासासारखी. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायापर्यंत आले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले. शत्रूवर प्रेम, गुपचूप दान, मनातल्या रागाचाही हिशोब. आपण मनात मांडलेला धर्म इथं आधीच कुणी जगून दाखवलाय, असं त्यांना वाटलं. पुढं ते स्वतः सांगत की आपण ख्रिस्ताकडं तुकोबांच्या पुलावरून आलो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घर जाळून ते निघाले नव्हते. तुकाराम बरोबर घेऊनच पलीकडं गेले.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांच्या आत.

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण चरित्र सांगणारे इथून पटकन पुढं जातात. नवरा दूर आणि अशी बातमी येऊन थडकली. लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदराशी लहान मुलगा. सोवळ्यात वाढलेली बाई, तिच्या जगात याहून मोठं संकट नव्हतं. जीव द्यावा असं तिला वाटलं, नातेवाईकांना तिच्यावर पहारा ठेवावा लागला. जवळपास पाच वर्षं ती वेगळी राहिली, कधी नाशिककडं, कधी पंढरपूरला, लोकांची बोलणी खात. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही. वाट पाहिली, पत्रं लिहिली, कविता लिहिल्या. हे खरं. पण ज्या सत्यासाठी त्यांनी एवढं सोडलं त्याची सगळ्यात मोठी किंमत दुसऱ्याच माणसानं भरली, हेही खरं. टिळकांबद्दल कितीही आदर असला तरी या जागी मला त्यांचा राग येतो.

आणि त्या बाईचं मोठेपण बघा. ती परत आली ती धर्म बदलायला नाही, संसार करायला. स्वतःची चूल, स्वतःचं पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. मग एके दिवशी तिच्याच डोक्यात विचार आला की देवानं माणूस केला, नर आणि मादी केले, जात त्यानं कुठं केली? जनावरात आहे, पाखरात आहे, तशी माणसात जन्माची खूण कुठं आहे? त्या विचारानंतर तिनं सगळ्यांच्या हातचं खाणंपिणं सुरू केलं. नवऱ्याच्या सांगण्यावरून नाही, उपदेश ऐकून नाही. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला. आपल्या होस्टेलमध्ये आजही कोण कुणाच्या डब्यातलं खातो आणि कोण काहीतरी कारण सांगून टाळतो, ते डोळे उघडे असणाऱ्याला दिसतं. म्हणून हा प्रसंग मला फार जुना वाटत नाही.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले (आताचं अहिल्यानगर). तिथल्या सेमिनरीत शिकवलं, १९०४ साली पाळक म्हणून दीक्षा झाली. आता खरं तर गोष्ट सुखान्त व्हायला हवी. पण मला वाटतं खरी परीक्षा इथून सुरू झाली. बाहेरच्यांनी शिव्या दिल्या त्या त्यांनी सोसल्या. अवघड होतं ते आतलं.

त्या काळात ख्रिस्ती होणं म्हणजे आधुनिक होणं, असा एक समज आपोआप तयार झाला होता. कोट, बूट, टेबलखुर्ची, विलायती चालीची गाणी, बोलण्यात इंग्रजी. मिशनचा पगार, मिशनचं घर, मिशनचा दवाखाना. यात वाईट काय? काहीच नाही. दुष्काळात आणि प्लेगात याच मिशनांनी माणसं जगवली. आपल्या चांद्यालाही स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं मिशन होतंच. पण टिळकांना दिसत होतं की साहेबी थाटाच्या गडबडीत ख्रिस्त मागं पडतोय. माणसं देव बदलल्यासारखी दिसत होती, प्रत्यक्षात दर्जी बदलत होती. आणि बाहेरचा मराठी माणूस त्या कोटाकडं बघूनच तोंड फिरवत होता.

टिळकांनी यावर भाषणं कमी केली, काम जास्त केलं. धोतर आणि पागोटं सोडलं नाही. अभंग, ओवी, भजन यांत ख्रिस्तावर लिहायला लागले. ख्रिस्ती कीर्तन नगरकडं त्यांच्या आधीही होत होतं, पण तुकोबांच्या अभंगावर पोसलेल्या माणसाच्या हातात ते आलं आणि त्याला वेगळाच जिव्हाळा आला. मराठी चर्चमध्ये आज जे 'उपासना संगीत' वापरतात त्यात त्यांची दोनशेहून जास्त गीतं आहेत. हे मला चरित्र वाचून कळलं आणि मी उठून बॅगेचा तळ शोधला. प्रत्येक गीताखाली कवीचं नाव होतं. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या कितीतरी गीतांखाली ना. वा. टिळक. मी ज्या ढोलकीला लाजत होतो ती या माणसानं एवढ्या हट्टानं देवळात आणली होती, आणि शंभर वर्षांनी मी लाईट-धुराच्या गाण्यांमागं लागून तोच विलायती कोट ऑनलाईन मागवत होतो.

आणखी एक गोष्ट. टिळक जगापासून पळाले नाहीत. जंगलात आश्रम काढून बसणं त्यांना सोपं गेलं असतं, जंगल काय, त्यांनी राजनांदगावला पाहिलं होतंच. ते राहिले ते गर्दीत. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं तिथं ते होते. त्याच संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या पोराला बालकवी हे नाव मिळालं, आणि पुढं हा पोरगा टिळकांच्या घरी राहिला, घरातलाच झाला. ठोमरे ख्रिस्ती नव्हता आणि त्याला ख्रिस्ती करायचा खटाटोपही घरात झाला नाही. १९१२ पासून टिळकांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन केलं. हे पत्र १८४२ पासून चालू होतं. संपादकाचं काम म्हणजे रोजची टपाल, प्रुफं, वादावादी, मुदत. आपल्या सबमिशनच्या आठवड्यासारखं, पण बाराही महिने. त्या धांदलीत त्यांचे अभंग येत राहिले. ते पुढं 'अभंगांजली' म्हणून प्रसिद्ध आहेत. मला प्रश्न पडायचा की एवढ्या कामात हा माणूस देवाशी बोलायचा कधी. अभंग वाचल्यावर वाटलं की वेगळी वेळ काढून बोलत नसेल, काम करता करताच बोलत असेल. अर्थात हा माझा अंदाज. माझ्यासारख्याला मात्र वेगळी वेळ काढावीच लागेल, कारण माझ्या हातात प्रुफं नाहीत, मोबाईल आहे.

१९१७ साल. वय पंचावन्न. नाव झालेलं, कवी म्हणून महाराष्ट्र ओळखतो, मिशनमध्ये वीस वर्षांहून जास्त सेवा. अशा वेळी माणूस पेन्शनचा विचार करतो. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांचा एक बंधुसमाज असावा, बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत. कुठल्या मिशनचा शिक्का नाही, परदेशी पैसा नाही, साहेबाची देखरेख नाही. चर्चमधल्या पुष्कळांना हे पचलं नाही. बाप्तिस्म्याशिवाय कसलं शिष्यत्व, हा प्रश्न साधा नव्हता आणि आजही नाही. मला स्वतःला टिळक इथं शंभर टक्के बरोबर वाटतात असं नाही. आमच्या आजीला तर मुळीच वाटणार नाहीत. पण ज्या वयात मिळालेलं सांभाळायचं त्या वयात ते हातातलं सोडून निघाले, तेही दुसऱ्यांदा. पहिल्यांदा जात आणि घर सोडलं होतं, आता सुरक्षित जागा.

दरबार फार चालला नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचा आवडता ठोमरे त्याच्या आदल्याच वर्षी रेल्वेखाली सापडून गेला होता. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं. ते कुणी पुरं केलं असेल? ज्या बाईला लग्नात अक्षर येत नव्हतं तिनं. 'स्मृतिचित्रे'ही तिचंच, आणि मराठी आत्मचरित्रांत त्या पुस्तकाच्या वर कुणाला ठेवायचं हे ठरवताना जाणकारही अडखळतात. अर्थात ते वाचून आपल्याला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईच जास्त आवडतात, ही अडचण आहे. असो.

जाता जाता आपल्या भागाशी जुळणारा एक धागा सांगतो. जे. सी. विन्स्लो नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १९२३ साली टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याआधी एक वर्ष त्यानं ख्रिस्त सेवा संघ काढला होता, देशी पद्धतीनं राहून ख्रिस्ताची सेवा करायची म्हणून. टिळकांची छाप त्यावर उघड दिसते. त्याच संघात १९२७ साली एक तरुण इंग्लंडहून आला. व्हेरियर एल्विन. तो १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यात गोंडांच्यात जाऊन राहिला, पुढं चर्चही सोडलं, आणि बस्तरच्या माडिया-मुरियांवर त्यानं जी पुस्तकं लिहिली ती भामरागडच्या पलीकडच्या तीराची, म्हणजे जवळजवळ आपलीच. कुठल्या डब्यात कोण सरकून जागा देतो आणि गाडी कुठंपर्यंत जाते!

कार्यक्रमाच्या दिवशी मी सात मिनिटं बोललो, दोन तारखा चुकलो. पोरांनी शिट्ट्या मारल्या त्या मुख्यतः लवकर संपवलं म्हणून. रात्री आजीला फोन केला. तिला सांगितलं की तू दळताना जी दोन-तीन भजनं म्हणतेस ती कोण्या टिळकांची आहेत. आजीला वाचता येत नाही, सगळं ऐकून पाठ. तिचा समज असा की ती भजनं आधीपासूनच आहेत, ती कुणी लिहिली असतील असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मग मी सांगितलं की त्यांना पुस्तक मिळालं ते नांदगावच्या गाडीत. तेव्हा मात्र ती खुलली. नांदगाव म्हणजे तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते गाव. मग बराच वेळ ती त्या ऑपरेशनचंच सांगत बसली, डॉक्टर कसा चांगला होता, पट्टी किती दिवस होती. शेवटी मेसमध्ये अंडी देतात का ते विचारलं, आणि पुस्तक बॅगेतून काढलं का तेही.

काढलं होतं. आता ते थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकाखाली आहे, टेबलावर. मागच्या रविवारी पोहे मिळाले.